मॅक्सिमाच्या साहाय्याने गणिताची प्रात्यक्षिके : सातारा येथील एका महाविद्यालयातील प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

बी.एस्सी. भाग दोनच्या गणिताच्या प्रात्यक्षिकांत संगणकीय बीजगणिताचे सॉफ्टवेअर वापरून पाहण्याच्या प्रस्तावाला आज विभागाच्या बैठकीत मान्यता मिळाली. आमच्याकडे गणिताचे प्रात्यक्षिक म्हणजे वर्गात सोडवलेली उदाहरणे जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवणे एवढेच उरले आहे, आणि ज्याच्याकडे मागच्या वर्षीचे जर्नल आहे त्याच्याभोवती परीक्षेच्या आठवड्यात गर्दी होते, हे विभागातील सर्वांनाच ठाऊक आहे. संगणक आणला म्हणून यात आपोआप काही बदलेल असे मला वाटत नाही, कारण जर्नलमधून उतरवण्याऐवजी पडद्यावरून उतरवणे ही काही प्रगती नव्हे. उत्तर काढण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर विद्यार्थ्याकडे नेमके कोणते काम उरते, आणि ते काम त्याला देता येईल असे प्रश्न आपल्याला तयार करता येतात का, हे तपासण्यासाठी हा प्रकल्प आहे.

सॉफ्टवेअर निवडताना फार खल करावा लागला नाही. १९८८ साली बाजारात आलेले मॅथेमॅटिका आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९८० साली सुरू झालेल्या कामातून उभे राहिलेले मेपल ही दोन्ही समर्थ आहेत, परंतु त्यांच्या परवान्याचा खर्च आमच्या विभागाच्या तरतुदीत बसणारा नाही. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे सायलॅब अनेक महाविद्यालयांपर्यंत पोहोचले आहे, आणि तेथील स्पोकन ट्युटोरियलमधील मराठी ध्वनिमुद्रणे आमच्या विद्यार्थ्यांना सोयीची वाटतात. पण सायलॅब हे मुळात आकडेमोडीचे साधन आहे. आम्हाला १/३ आणि १/६ यांची बेरीज ०.५ अशी नको, १/२ अशी हवी आहे, आणि क्षला क्षच ठेवून गणित पुढे नेणारे साधन हवे आहे. पायथॉनमधील सिमपाय हा पर्याय चांगला आहे, मात्र त्यात गणिताआधी पायथॉन शिकवावे लागेल. त्यामुळे मॅक्सिमा ठरले. ते विनामूल्य आहे, आमच्या लॅबमधील जुन्या यंत्रांवर चालते आणि एकदा बसवले की त्याला इंटरनेट लागत नाही.

त्याचे मूळ एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या, जवळजवळ त्याच उच्चाराच्या मॅकसिमा या प्रणालीत आहे. टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून तिची एक आवृत्ती सांभाळली, १९९८ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती मुक्त परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत ते काम सोडले नाही. आज आम्हाला जे फुकट मिळते आहे ते कोणाच्या तरी चिकाटीमुळे मिळते आहे, हे पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना सांगायचे ठरवले आहे.

१५ जुलै २०२४

लॅबमधील सर्व चालू यंत्रांवर मॅक्सिमा आणि त्याची खिडक्यांची मांडणी असलेले डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा बसवून झाले. हे काम कमवा व शिका योजनेतील दोन विद्यार्थ्यांनी केले आणि आमच्यापेक्षा लवकर केले.

१६ जुलै २०२४

पहिले प्रात्यक्षिक. सेमीकोलन विसरणे, शिफ्ट दाबून एंटर करायचे असते हे न कळणे, गुणाकाराचे चिन्ह गाळून २क्ष असे लिहिणे, या अपेक्षित अडचणी आल्या आणि तासाभरात बहुतेक सुटल्या. सुटली नाही ती बरोबरच्या चिन्हाची अडचण. मॅक्सिमात एखाद्या अक्षराला किंमत द्यायची असेल तर विसर्गासारखा कोलन लागतो, फलन ठरवायचे असेल तर कोलन आणि बरोबर ही दोन चिन्हे जोडून लागतात, आणि नुसते बरोबर हे चिन्ह केवळ समीकरण लिहिण्यासाठी असते. विद्यार्थ्यांनी सगळीकडे बरोबरच लिहिले, आणि यंत्राने कुरकूर न करता ते समीकरण म्हणून परत दाखवले. पुढच्या ओळीत किंमत का बसली नाही, हे मग कोणालाच उमगेना.

याचा दोष विद्यार्थ्यांना देता येत नाही. फळ्यावर आम्ही स्वतः ‘समजा क्ष = ३’, ‘फलन य = क्षचा वर्ग’ आणि ‘क्षचा वर्ग = ९ सोडवा’ या तिन्ही ठिकाणी एकच चिन्ह वापरतो, आणि प्रसंगावरून अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवतो. तीन वेगळ्या क्रिया आहेत हे पहिल्यांदाच उघडपणे बोलले गेले. मेढ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग नववीपासून आम्ही हे कसं चालवून घेतलं?” प्रश्न रास्त आहे.

२३ जुलै २०२४

आजचा तास अपेक्षेपेक्षा फार चांगला गेला, म्हणून सविस्तर नोंद करतो.

संकलनाची पहिलीच आज्ञा म्हणून क्षच्या न-व्या घाताचे संकलन करायला सांगितले होते. हे सूत्र बारावीपासून सर्वांना पाठ आहे, त्यामुळे यंत्र उत्तर देईल आणि आपण पुढे जाऊ, अशी सर्वांची समजूत होती. मॅक्सिमाने उत्तर दिले नाही. न ची किंमत उणे एक आहे का, असा प्रश्न त्याने उलट विचारला. वर्गात क्षणभर गोंधळ झाला. काहींना ही चूक झाल्याची सूचना वाटली आणि त्यांनी खिडकी बंद केली. कोरेगावकडून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हे तर आपल्यालाच प्रश्न विचारतंय.” नाही असे उत्तर दिल्यावर पाठ असलेले सूत्र आले, हो असे दिल्यावर लॉग क्ष आले.

‘न उणे एकाबरोबर नसताना’ ही अट पुस्तकात सूत्राच्या शेजारी छापलेली असते आणि विद्यार्थी ती सूत्राबरोबर उतरवतातही. पण सूत्र वापरताना तिच्याकडे थांबून पाहणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे. यंत्राने पुढे जाण्यास नकार दिल्यामुळे ती अट आज प्रथमच अडवणारी ठरली. यानंतर मी ठरवलेला क्रम बाजूला ठेवून त्यांना क्षच्या वर्गात अ मिळवून येणाऱ्या राशीने १ ला भागून संकलन करायला दिले. येथे यंत्र अ धन आहे की ऋण, हे विचारते. धन म्हटल्यास व्यस्त टॅन येतो, ऋण म्हटल्यास लॉग येतो. एकाच दिसणाऱ्या राशीची दोन उत्तरे इतकी वेगळ्या जातीची का, आणि अ शून्य असेल तर काय, हे कागदावर लिहून आणायला सांगितले आहे. शून्याच्या बाबतीत उत्तर उणे १/क्ष येते, आणि ते लॉगच्या उत्तरात अ शून्याकडे नेऊन सरळ मिळते, व्यस्त टॅनच्या उत्तरात मात्र आधी एक स्थिरांक वजा करावा लागतो. हे कोणाच्या ध्यानात येते का ते पाहायचे आहे.

तासाच्या शेवटी वीज गेली. त्यामुळे उरलेली चर्चा फळ्यावर झाली, आणि खरे तर ती तेथेच व्हायला हवी होती.

६ ऑगस्ट २०२४

साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचे संकलन. आज प्रथम वहीत उत्तर, मग यंत्रावर, असा नियम केला. बहुतेकांनी साइन क्षचा वर्ग भागिले दोन असे लिहिले होते. मॅक्सिमाचे उत्तर उणे कॉस क्षचा वर्ग भागिले दोन असे आले. अर्ध्या वर्गाने स्वतःचे उत्तर खोडले, काहींनी तर रबराने पुसून यंत्राचे उत्तर त्याच जागी लिहिले. दोन्ही उत्तरांची वजाबाकी करून ती ट्रिगसिम्प या त्रिकोणमितीय राशी सोप्या करणाऱ्या आज्ञेने सोपी करायला सांगितल्यावर १/२ ही संख्या आली, आणि मग ‘अधिक सी’ या शेपटाचा अर्थ काय, यावर चांगले बोलणे झाले. मॅक्सिमा स्वतः हा स्थिरांक लिहीतच नाही. तसेच १/क्ष चे उत्तर ते लॉग क्ष असे देते, आत निरपेक्ष मूल्य घेत नाही. लॉगअ‍ॅब्स नावाची खूण चालू केली तरच घेते. परीक्षेत निरपेक्ष मूल्य न लिहिल्यास आम्ही अर्धा गुण कापतो, हे एका विद्यार्थ्याने आठवण करून देऊन यंत्राचाही अर्धा गुण कापावा असे सुचवले. सूचना मान्य करण्यात आली.

स्वतःचे उत्तर खोडण्याची जी घाई आज दिसली ती मला सर्वांत चिंतेची वाटते. यापुढे जर्नलच्या पानावर डाव्या बाजूला स्वतःचे उत्तर शाईने लिहायचे, ते खोडायचे नाही, आणि यंत्राच्या उत्तराशी ते जुळत नसेल तर उजव्या बाजूला त्याचे कारण लिहायचे, असा नियम केला आहे.

१३ ऑगस्ट २०२४

विभागात चर्चा झाली. ज्येष्ठ सहकारी मॅडमचा आक्षेप असा की, ज्यांना अजून आंशिक अपूर्णांक नीट करता येत नाहीत त्यांच्या हाती एका आज्ञेत संकलन करणारे साधन दिले, तर ते हाताने करायला कधीच शिकणार नाहीत. आक्षेप खरा आहे आणि नवा नाही. बहुपदींची समीकरणे हाताळण्याच्या ग्रोबनर बेसिस या साधनाचे जनक, ऑस्ट्रियन गणितज्ञ ब्रूनो बुखबर्गर यांनी १९९० च्या सुमारास यासाठी पांढरी पेटी आणि काळी पेटी असे तत्त्व मांडले होते. एखादा विषय शिकत असताना त्याची पेटी उघडी ठेवायची, म्हणजे प्रत्येक पायरी हाताने करायची. तो विषय आत्मसात झाल्यावर पुढच्या विषयासाठी त्याच क्रियेची पेटी बंद करून खुशाल वापरायची. आंशिक अपूर्णांक शिकताना यंत्राची आज्ञा वर्ज्य, पण लाप्लास रूपांतरे शिकताना तीच आज्ञा मोकळी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

मॅडमना हे पटले, मात्र त्यांनी एक व्यावहारिक प्रश्न विचारला की ‘आत्मसात झाले’ हे कोणी आणि कसे ठरवायचे. माझ्यापाशी त्याचे पक्के उत्तर नाही. तूर्त असे ठरले की प्रत्येक घटकानंतर दहा मिनिटांची कागदी चाचणी घ्यायची आणि जो उत्तीर्ण होईल त्याला ती आज्ञा खुली करायची. मुलांना हा वाहन परवान्यासारखा प्रकार वाटेल, पण हरकत नाही.

२७ ऑगस्ट २०२४

केली-हॅमिल्टन प्रमेय. मॅट्रिक्स दोन बाय दोनचा, पहिली ओळ १, २ आणि दुसरी ३, ४. वैशिष्ट्य बहुपदी सर्वांनी हाताने काढली : लॅम्डाचा वर्ग, वजा ५ लॅम्डा, वजा २. आता मॅट्रिक्स त्या बहुपदीत घातला की शून्य मॅट्रिक्स मिळायला हवा, हे यंत्रावर पडताळायचे होते.

एका गटाला शून्याऐवजी चारही जागी उणे सहा मिळाले. उत्तर इतके नीटनेटके होते की त्यांना ते चूक वाटेना. उणे सहा का येते, याचे स्पष्टीकरण ते शोधू लागले होते. कारण असे की मॅक्सिमात मॅट्रिक्सचा नेहमीचा घात काढला तर ते प्रत्येक घटकाचा सुटासुटा वर्ग करते, म्हणजे १, ४, ९, १६ मिळतात. खऱ्या मॅट्रिक्स गुणाकारासाठी बिंदू, आणि मॅट्रिक्सच्या घातासाठी घाताचे चिन्ह दोनदा लागते. तसे केल्यावर वर्गाचे घटक ७, १०, १५, २२ येतात आणि बेरीज-वजाबाकीनंतर चारही जागी शून्य.

प्रमेय खरे आहे हे आधीच माहीत असल्यामुळे ही चूक पकडली गेली. ज्याचे उत्तर आधी माहीत नाही अशा गणितात ती कशी पकडायची, हा पुढचा प्रश्न मीच त्यांना विचारला. एक चांगले उत्तर आले : मॅट्रिक्समधील पहिला घटक हाताने काढून पाहायचा. एकच घटक, पण तेवढ्याने १ आणि ७ यांतला फरक उघड झाला असता.

२४ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सवानंतरचे पहिले पूर्ण प्रात्यक्षिक. या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण आज घेतले : दोन अधिक कॉस क्ष या राशीने १ ला भागायचे, आणि शून्यापासून दोन पायपर्यंत संकलन करायचे.

यंत्राला हात लावण्याआधी अंदाज मागितला. कॉसची किंमत उणे एक ते एक यांच्या दरम्यान असते, म्हणून छेद एक ते तीनच्या दरम्यान, म्हणून फलनाची किंमत एक तृतीयांश ते एकच्या दरम्यान, म्हणून क्षेत्रफळ दोन पाय भागिले तीन आणि दोन पाय यांच्या दरम्यान, म्हणजे सुमारे २.०९ ते ६.२८. हे सर्वांनी लिहिले. इतका साधा अंदाज अनेकांनी आयुष्यात प्रथमच लिहिला असावा, कारण संकलनाचे उत्तर ‘काढायचे’ असते, त्याचा अंदाज घ्यायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत आहे.

मग मर्यादा न घालता मॅक्सिमाकडून संकलन करून घेतले. टॅन क्ष भागिले दोन याला टी मानण्याची पुस्तकातील नेहमीची युक्ती वापरून जे येते त्याच्याशी समान असे उत्तर मिळाले : दोन भागिले ३ चे वर्गमूळ, गुणिले व्यस्त टॅन, आणि त्याच्या आत टॅन क्ष भागिले दोनला ३ च्या वर्गमूळाने भागलेले. आता वरची आणि खालची मर्यादा घालून वजाबाकी करा, असे सांगितले. दोन्ही टोकांना व्यस्त टॅनच्या आत शून्य येते. उत्तर शून्य.

वर्ग शांत झाला नाही, उलट वाद सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की यंत्र चुकले. दुसऱ्या बाजूने वहीत तेच संकलन हाताने केले आणि त्यांनाही शून्यच मिळाले, तेव्हा यंत्राला दोष देता येईना. तिसऱ्या एकाने फलन कोठेतरी ऋण होत असेल असे सुचवले, पण अंदाजाच्या ओळीने ते तत्काळ खोडून काढले : जे फलन एक तृतीयांशाच्या खाली कधी उतरतच नाही त्याचे क्षेत्रफळ शून्य कसे असेल? शेवटी मूळ फलनाचा नव्हे, तर संकलनातून आलेल्या फलनाचा आलेख काढायला सांगितला. आलेख पायपर्यंत चढतो, तेथे एकदम खाली कोसळतो, आणि पुन्हा चढू लागतो. क्ष पायच्या जवळ डावीकडून जातो तेव्हा किंमत पाय भागिले ३ चे वर्गमूळ होते, उजवीकडून पाहिल्यास तितकीच ऋण. मधे तुटलेल्या फलनाला कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय लावता येत नाही. पायपाशी संकलन दोन तुकड्यांत तोडले की प्रत्येक तुकडा पाय भागिले ३ चे वर्गमूळ देतो, आणि एकूण उत्तर दोन पाय भागिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे ३.६२७६ येते. संख्यात्मक संकलनाच्या आज्ञेने हाच आकडा दिला, आणि तो अंदाजाच्या चौकटीत आरामात बसतो.

मूलभूत प्रमेयातील ‘सलग फलन’ ही अट आमचे विद्यार्थी सिद्धतेत लिहितात आणि तिचे गुणही मिळवतात. ती मोडली तर नेमके काय बिघडते, याचे उदाहरण पुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तकातील मर्यादा बहुधा शून्य ते पाय भागिले दोन अशा सुरक्षित असतात. हाताने असे आलेख काढायला पूर्ण तास गेला असता, आणि कोणत्या आलेखाची गरज आहे हे कळेपर्यंत उत्साह संपला असता. येथे सॉफ्टवेअरने वेळ वाचवला तो उत्तर काढण्यात नव्हे, चुकीच्या उत्तराचा माग काढण्यात.

१ ऑक्टोबर २०२४

मागच्या प्रात्यक्षिकाच्या धाग्याला जोडून १ भागिले क्षचा वर्ग, उणे एक ते एक. हाताने मर्यादा घातल्यास उत्तर उणे दोन. धन फलनाचे क्षेत्रफळ ऋण आलेले पाहून आता कोणी फसले नाही. मॅक्सिमा येथे संकलन अपसारी असल्याचे, म्हणजे त्याला मर्यादित किंमत नसल्याचे, सांगून थांबते.

८ ऑक्टोबर २०२४

सत्रातले शेवटचे प्रात्यक्षिक, यंत्राला काय जमत नाही याविषयी. क्षचा पाचवा घात वजा क्ष वजा एक बरोबर शून्य हे समीकरण सॉल्व्ह या आज्ञेला दिले, तर ती तेच समीकरण परत करते. सूत्रच अस्तित्वात नाही, असे येथे सांगावे लागले. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला मूळचिन्हांचे सूत्र नसल्याची सिद्धता आबेल यांनी १८२४ साली दिली. मात्र एक ते दोनच्या दरम्यान मूळ आहे हे चिन्हबदलावरून कळते, आणि फाइंड-रूट ते १.१६७३ असे दाखवते. सूत्र नसणे आणि उत्तर नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ई चा उणे क्ष-वर्ग हा घात घेऊन संकलन केले तेव्हा एर्फ नावाचे अपरिचित फलन समोर आले. ओळखीच्या फलनांत याचे उत्तर नसते, हे लिऊव्हिल यांच्या १८३० च्या दशकातील कामापासून चालत आलेले ज्ञान आहे. एखाद्या फलनाचे असे उत्तर आहे की नाही, हे ठरवण्याची पद्धत रॉबर्ट रिश यांनी १९६८-६९ च्या सुमारास मांडली. मॅक्सिमात तिचा काही भागच अंतर्भूत आहे, त्यामुळे त्याने संकलन न करता राशी तशीच परत केली तर ‘उत्तर नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, एवढे सर्वांकडून लिहून घेतले.

३ डिसेंबर २०२४

दिवाळी आणि परीक्षा आटोपून पुन्हा सुरुवात. संख्याशास्त्र नव्हे, संख्यासिद्धांत. सहकाऱ्यांच्या सूचनेवरून भास्कराचार्यांचे प्रसिद्ध उदाहरण घेतले. असा वर्ग शोधायचा की ज्याला ६१ ने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्ग मिळेल. फर्मा यांनी १६५७ साली युरोपातील गणितज्ञांना हेच ६१ आव्हान म्हणून दिले होते, आणि त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधी बीजगणितात भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने उत्तर काढलेले आहे : २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९.

विद्यार्थ्यांना हे पडताळायला सांगितले, पण आधी स्प्रेडशीटवर. वजाबाकी १ येते हे स्प्रेडशीट दाखवू शकत नाही. मोठ्या संख्येचा वर्ग आणि लहान संख्येच्या वर्गाची ६१ पट या दोन्ही संख्या १९ अंकी आहेत, आणि संगणकाच्या नेहमीच्या दशांश साठवणीत एवढ्या मोठ्या दोन लगतच्या संख्यांमध्ये ५१२ चे अंतर असते. मग एकाचा फरक दिसणार कोठून? मॅक्सिमा पूर्णांक पूर्णच ठेवते, म्हणून तेथे १ मिळतो. नंतर ६१ च्या वर्गमूळाचा सतत अपूर्णांक काढला. त्याची आवर्ती साखळी ११ अंकांची आहे. ११ विषम असल्यामुळे प्रथम उणे एकाचे, म्हणजे ६१ ने गुणून एक वजा केल्यास वर्ग मिळतो असे, उत्तर मिळते, २९७१८ आणि ३८०५, आणि त्यांच्या भावनेतून, म्हणजे ब्रह्मगुप्तांनी दिलेल्या गुणन-रीतीने, अधिक एकाचे. विद्यार्थ्यांनी शेवटची पायरी कागदावर केली आणि दहा अंकी संख्या अचूक उतरल्यावर यंत्राकडे वळूनही पाहिले नाही.

१७ डिसेंबर २०२४

काही विद्यार्थ्यांनी मोबाईलवर मॅक्सिमा बसवले आहे आणि एसटीत वापरतात, असे कळले. नोंद करून ठेवतो; यावर नियम करण्यात अर्थ नाही.

७ जानेवारी २०२५

अवकल समीकरणे. गुऱ्हाळांचा हंगाम चालू आहे, म्हणून कराडकडील एका विद्यार्थ्याने सुचवल्याप्रमाणे काहिलीतून वाफ्यात ओतलेला गूळ कसा थंड होतो, यावर न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम लावला. समीकरण सोडवणे ओडीई-टू या आज्ञेला एका ओळीचे काम आहे. त्याने घरच्या गुऱ्हाळात घेतलेल्या तापमानाच्या नोंदी त्या वक्रावर बसल्या नाहीत. गूळ घोटला जात असतो, आणि तो घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे नियमातील स्थिरांक स्थिर राहत नाही, हे त्यानेच वर्गाला समजावून सांगितले. समीकरण बदलायचे कसे, हा प्रश्न खुला आहे. माझ्या मते या तासात सॉफ्टवेअरचा वाटा सर्वांत कमी आणि गणिताचा सर्वांत जास्त होता.

२१ जानेवारी २०२५

आज उत्तरे असंख्य असलेला प्रश्न दिला : क्ष एक असताना स्थानिक कमाल आणि क्ष तीन असताना स्थानिक किमान मूल्य असणारी तिसऱ्या घाताची बहुपदी तयार करा. प्रत्येकाची बहुपदी वेगळी असायला हवी, शेजाऱ्याची उतरवल्यास बाद. प्रथम चाचपडत घेतलेले गुणक यंत्रावर तपासले जात होते. अर्ध्या तासाने कोणीतरी विकलनापासून उलट यायचे सुचवले, आणि मग क्षचा घन, वजा ६ क्ष-वर्ग, अधिक ९ क्ष, हे कुटुंब सापडले. असे प्रश्न तपासणे शिक्षकाला जिवावर येते, पण यंत्राला नाही. परदेशात क्रिस सँग्विन यांनी विकसित केलेली स्टॅक ही परीक्षाप्रणाली याच कामासाठी मॅक्सिमा वापरते.

उरलेल्या वेळात क्षच्या न-व्या घातातून एक वजा करून अवयव पाडायला दिले. सर्व अवयवांतील सहगुणक शून्य, एक किंवा उणे एकच येतात, असा निष्कर्ष मुलांनी न ची किंमत ५० पर्यंत नेऊन ठामपणे मांडला. १०५ पर्यंत जायला सांगितले. तेथे ४८ व्या घाताच्या अवयवात दोन ठिकाणी उणे दोन दिसते. १०५ म्हणजे ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार, तीन भिन्न विषम मूळ संख्यांचा सर्वांत लहान गुणाकार. हा योगायोग नाही, एवढेच सांगून तास संपवला.

११ फेब्रुवारी २०२५

प्रात्यक्षिक परीक्षेचा आराखडा ठरला. निम्मे गुण यंत्राशिवायच्या अंदाजाला आणि हातच्या कामाला, उरलेले यंत्राच्या उत्तराचे परीक्षण करण्याला. आज्ञा अचूक टंकित करण्याला स्वतंत्र गुण नाहीत, आज्ञांचा तक्ता परीक्षेत सोबत दिला जाईल. एक प्रश्न असा असेल की ज्यात यंत्राचे छापील उत्तर दिलेले आहे आणि ते कोणत्या अटीखाली खरे आहे, ते लिहायचे आहे. जर्नल राहील, पण डावी-उजवी बाजू पाळून. भाग एकच्या वर्गाला संकलनाची आज्ञा दुसऱ्या सत्राआधी द्यायची नाही, यावर मॅडमचे आणि माझे एकमत झाले. दहा मिनिटांच्या कागदी चाचण्यांबाबत मात्र मतभेद आहेत, कारण त्या तपासण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याकडेच गेले.

भाग तीनच्या ग्रुप थिअरीसाठी मॅक्सिमा उपयोगाचे नाही. त्यासाठी जर्मनीतील आखेन येथे १९८६ साली सुरू झालेले गॅप हे मुक्त सॉफ्टवेअर दोन यंत्रांवर बसवून पाहिले. एस-फोर या, चार वस्तूंच्या अदलाबदलींच्या, सिमेट्रिक ग्रुपचे सर्व ३० उपगट त्याने क्षणात दाखवले. ही यादी जूनपर्यंत विद्यार्थ्यांना दाखवायची नाही; आधी हाताने किती सापडतात, आणि ‘एवढेच आहेत’ असे ते कोणत्या आधारावर म्हणतात, हे लिहून घ्यायचे आहे.